एकच फायर गाडी आणि सव्वाशे गावं: सिम्युलेशनचा खेड्यात उपयोग होतो का?

विचारणाऱ्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या तालुक्यात नगर परिषदेकडे एकच फायर गाडी, गावं सव्वाशेच्या वर, उन्हाळ्यात एका गावाला गाडी गेली की तेवढ्यात दुसऱ्या गावचा फोन येते आणि सांगावं लागते की गाडी बाहेर आहे. आता दुसरी गाडी मिळायची शक्यता आहे आणि वाद चालू आहे की ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकावरच्या मोठ्या गावात ठेवायची का शहरातच ठेवायची. कोणीतरी सांगितलं की हे कम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे तालुक्याची नक्कल चालवून ठरवता येते. तर खेड्यापाड्यात याचा काही फायदा आहे का, का हे मोठ्या शहरांचंच काम आहे, आणि करायचंच झालं तर सुरुवात कुठून करायची.

फायदा आहे, आणि माझ्या मते शहरापेक्षा आपल्याकडेच जास्त आहे. शहरात एक गाडी कामात असली तर पुढच्या स्टेशनची निघते, आपल्याकडे एक गाडी गेली की अख्खा तालुका उघडा पडते. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, "दुसरी गाडी कुठे" एवढाच प्रश्न घेऊन बसाल तर अर्ध्याच्या वर फायदा हातचा जाईल. गाडीच्या जागेचं मॉडेल करण्यापेक्षा वर्दीचं (आग लागल्याच्या खबरीचं) मॉडेल करा. म्हणजे आग दिसली तिथून घड्याळ सुरू करायचं आणि गाडी परत येऊन, टाकी भरून, पुढच्या वर्दीला तयार उभी राहिली तिथे थांबवायचं. मधला एकेक टप्पा मांडला की मिनिटं नेमकी कुठे जाऊन राहिली ते दिसते.

मी हे सिम्युलेशनचं काम बारा-तेरा वर्षांपासून करतो, पण त्याच्या आधी एका नगर परिषदेच्या फायर स्टेशनवर रात्रपाळीला फोनजवळ बसायचो. मार्च महिन्यात एकदा जीनिंगमधल्या कापसाच्या गंजीला आग लागली म्हणून गाडी गेली. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, गंजीची आग वरून विझलेली दिसते पण आतून धुमसत राहते, गंजी उकलून ओली केल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, सहा तास गाडी तिथेच. त्या सहा तासांत २२ किलोमीटरवरच्या गावातून फोन आला, गोठा पेटला, बैलजोडी आत बांधलेली. बोलणारा माणूस रडत होता. मी शेजारच्या तालुक्याला फोन लावला, त्यांना वरून परवानगी लागत होती, ती येईपर्यंत ४० मिनिटं गेली. बैल वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नकाशा उघडून पाहिला तर ते गाव शेजारच्या गाडीपासून १४ किलोमीटरवर होतं, आमच्यापेक्षा जवळ, पण माझ्यासमोरच्या यादीत ते आमच्या तालुक्यात म्हणून आमचंच. त्या यादीत मी कधी अंतर पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

आता सिम्युलेशन म्हणजे काय ते साध्या भाषेत. ड्रायव्हरला शिकवायला पडद्यावर गाडी चालवतात त्याला पण सिम्युलेटर म्हणतात, ते वेगळं. आपल्या कामाचं जे आहे त्याला डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन म्हणतात. कम्प्युटरमध्ये तुमचा तालुका मांडायचा, गावं, रस्ते, गाड्या, माणसं, पाण्याच्या जागा, आणि मग घड्याळ पळवायचं, पण मिनिटामिनिटाने नाही तर एका घटनेवरून दुसऱ्या घटनेवर उडी मारत: फोन आला, गाडी निघाली, पोचली, टाकी संपली, विहिरीवर गेली, परत आली, आग विझली, स्टेशनला आली. फोन कधी येईल, कुठून येईल, काम किती चालेल हे प्रत्येक वेळी चिठ्ठी काढल्यासारखं निवडायचं, पण चिठ्ठ्या तुमच्याच जुन्या नोंदींमधून बनवलेल्या. असा एक उन्हाळा चालवायला लॅपटॉपला सेकंद पण लागत नाही, म्हणून २०० किंवा ५०० उन्हाळे चालवायचे आणि पाहायचं की गाडी इथे ठेवली तर काय होते आणि तिथे ठेवली तर काय होते. खऱ्या तालुक्यात हा प्रयोग करून पाहायला लोकांची घरं जळतात, इथे कोणाचं काही जळत नाही.

यातला सगळ्यात किचकट भाग नोंदींचा आहे, कम्प्युटरचा नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. पहिले वर्दी पुस्तक काढा, कमीत कमी तीन वर्षांचं, आणि एकेक वर्दी एक्सेलमध्ये टाका: तारीख, फोनची वेळ, निघाल्याची वेळ, पोचल्याची, काम संपल्याची, परत आल्याची, गाव, कशाची आग. टाकताना एक गोष्ट लगेच दिसेल की सगळ्या वेळा पाच-दहाच्या पटीत आहेत, फोन २:१०, गाडी निघाली २:१५, पोचली २:४०. यात कोणाची चूक नाही, परत आल्यावर थकलेला माणूस आठवून लिहिते. पण मॉडेलमध्ये या वेळा जशाच्या तशा घातल्या तर चुकीचं निघेल, विशेष करून फोन ते चाक हलणे हा टप्पा, तो कागदावर नेहमी पाच मिनिटांचाच दिसते. यासाठी मी दोन महिने फोनजवळ एक साधं डिजिटल घड्याळ ठेवून चालक आणि फोनवाल्याकडून नेमकी मिनिटं लिहून घेतो, आणि गाडीत एक जुना मोबाईल जीपीएस चालू करून ठेवतो. दोन महिन्यांच्या पंचवीस-तीस खऱ्या वेळा तीन वर्षांच्या गोल आकड्यांपेक्षा जास्त कामाच्या असतात.

दुसरी अडचण याच्यापेक्षा मोठी आहे. वर्दी पुस्तकात फक्त ज्या वर्दीला गाडी गेली ती असते. ज्याला "गाडी बाहेर आहे" सांगून फोन ठेवला ती वर्दी कुठेच नाही, आणि ज्या गावाने गाडी येतच नाही म्हणून फोन करणंच सोडून दिलं ते गाव तर पुस्तकात आगच न लागणारं गाव म्हणून दिसते. असा डेटा मॉडेलला दिला की मॉडेल म्हणेल त्या बाजूला गाडीची गरजच नाही. यावर उपाय आपल्याच तालुक्यात आहे, तहसील. घर, गोठा, गंजी जळाली की नुकसानीचा पंचनामा तलाठी करतो. ते पंचनामे काढून वर्दी पुस्तकाशी जुळवा. पंचनामा आहे पण वर्दी नाही, अशी जी यादी निघेल ती तुमच्या अख्ख्या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची यादी. मी जिथे जिथे हे केलं तिथे सीमेवरची गावं, तांडे आणि पोडं (कोलामांच्या वस्त्या) या यादीत वर आले.

आता मिनिटांकडे. आग दिसल्यावर आपल्याकडे काय होते ते आठवा. आधी लोक बादल्या-घागरींनी विझवायला धावतात, ते बरोबरच आहे. मग कोणीतरी सरपंचाला फोन लावते, सरपंच नगरसेवकाला, नगरसेवक ओळखीच्या फायरमनला, तो स्टेशनला. स्टेशनवर विचारणा होते की कोणतं पिंपळगाव, कारण तालुक्यात तीन पिंपळगाव आणि दोन बोरगाव. मग खात्री करायला परत फोन, आग खरंच आहे का, मग चालक जेवायला घरी गेला असेल तर त्याला बोलावणं. मी मोजलेल्या बहुतेक ठिकाणी यातच दहा-पंधरा मिनिटं गेलेली होती, आणि गाडीचं चाक अजून हललेलं नव्हतं.

हे फक्त आपल्याचकडचं दुखणं आहे असं समजू नका. फायर गाड्यांच्या सिम्युलेशनचं मोठं काम पहिल्यांदा न्यूयॉर्कमध्ये झालं, १९६८ पासून रँड नावाच्या संस्थेने तिथल्या फायर खात्यासोबत केलं. तेव्हा तिथे वर्द्या भराभर वाढत होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं होतं की गाड्या वाढवा. त्यांनी शहरातल्या ब्रुकलिन भागाच्या कंट्रोल रूमचं मॉडेल केलं तर दिसलं की कोणती गाडी पाठवायची हे ठरवणारा माणूस एकच आहे आणि गर्दीच्या वेळी सगळ्या वर्द्या त्याच्या टेबलावर तुंबतात. गर्दीत ते काम दोघांत वाटलं की तुंबलेलं सुटते. एकही गाडी न वाढवता मिनिटं वाचवायची जागा सापडली ती टेबलावर. इतक्या मोठ्या शहरात हे झालं तर आपल्या एका फोनच्या स्टेशनवर ते पहिले पाहायलाच पाहिजे.

त्याच कामातून कोलेसर आणि ब्लम या दोघा संशोधकांनी १९७३ मध्ये एक नियम मांडला, तो प्रत्येक नगराध्यक्षाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटते. गाडीला कापावं लागणारं सरासरी अंतर हे भागाच्या क्षेत्रफळाला मोकळ्या गाड्यांच्या संख्येने भागून जे येते त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे गाड्या दुप्पट केल्या तरी अंतर निम्मं होत नाही, साधारण २९ टक्क्यांनीच कमी होते. हिशोब करून पाहा. समजा तालुका ९०० चौरस किलोमीटर, चौकोनी, शहर मधोमध, रस्ते उभे-आडवे, गावं सारखी पसरलेली. सरासरी अंतर १५ किलोमीटर येते, पाण्याने भरलेली गाडी ताशी ४० ने गेली तर साडेबावीस मिनिटं. दुसरी गाडी आणली आणि दोन्ही अगदी योग्य जागी ठेवल्या तर या नियमाप्रमाणे अंतर साधारण १०.६ किलोमीटर, वेळ १६ मिनिटं. साडेसहा मिनिटं वाचली, त्यासाठी नवी गाडी, शेड, दोन-तीन पाळ्यांचे चालक आणि फायरमन. आणि वर सांगितलेल्या फोनच्या साखळीत दहा-पंधरा मिनिटं पडलेली आहेत, त्यातली निम्मी वाचवली तरी तेवढीच होतात. मी नवी गाडी घेऊ नका असं म्हणत नाही, घ्याच, पण ती कशासाठी घेऊन राहिलो ते समजून घ्या.

आणि ती कशासाठी पाहिजे ते त्या नियमातल्या "मोकळ्या" या शब्दात आहे. नवी गाडी जवळ पडते म्हणून तिचा फायदा थोडा, पहिली कामात असताना दुसरी मोकळी असते म्हणून फायदा खूप. हे पण आकड्यात पाहा. समजा वर्षाला १२० वर्द्या आणि प्रत्येक वर्दीत गाडी जाऊन-येऊन, विझवून, भरून ३ तास अडकते. वर्षाची सरासरी धरली तर गाडी बाहेर असताना दुसरी वर्दी येण्याची शक्यता फक्त ४ टक्के निघते, आणि कोणताही हिशोबवाला म्हणेल एक गाडी पुरेशी आहे. पण आपल्याकडे वर्द्या वर्षभर सारख्या वाटून येत नाहीत ना. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर, वारा सुटलेला, सगळीकडे धुरे (शेताचे बांध) जाळणं चालू, पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) पेटवणं चालू, जंगलाच्या बाजूला मोहफुलासाठी खालचा पाला जाळणं चालू, अशा दिवशी १२ तासांत ३ वर्द्या येतात. त्याच ३ तासांचा हिशोब त्या दिवशी केला तर दुसरी वर्दी यायची शक्यता ५३ टक्के निघते. ४ टक्के आणि ५३ टक्के, तालुका तोच, गाडी तीच. म्हणून मॉडेलमध्ये वर्ष एकसारखं घालू नका. आमच्या मॉडेलमध्ये हंगाम वेगवेगळे असतात: सोयाबीन कापून गंज्या लागतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, जीनिंग चालू असते तो हिवाळा, मार्च ते मे घरं, गोठे, कुटार (भुसा-चारा) आणि धुरे, आणि पावसाळ्यात आगी कमी पण रस्ते बंद. भंडारा-गोंदियाकडे धानाचे पुंजणे (गंज्या) आणि तणीस (धानाचा पेंढा) आहे, तिकडचा हंगाम वेगळा, तिकडच्या नोंदी वापरा, यवतमाळच्या वापरू नका.

पाण्याबद्दल कोणी विचारत नाही, पण माझ्या अनुभवात खेड्यातलं मॉडेल इथेच बसते किंवा फसते. साडेचार हजार लिटरची टाकी धरा. एका ब्रँचने (पाइपच्या तोंडाच्या नळीने) मिनिटाला तीनशे-चारशे लिटर पाणी जाते, म्हणजे बारा-पंधरा मिनिटांत टाकी रिकामी. शहरात पुढचं पाणी हायड्रंटमधून (रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळातून) नाहीतर दुसऱ्या गाडीतून येते, आपल्याकडे गाडी विहीर शोधत फिरते. गाडीचा स्वतःचा पंप वरून पाणी ओढतो तेव्हा कागदावर १० मीटर, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच ओढू शकते, हवेच्या दाबाचीच ती मर्यादा आहे, आणि मे महिन्यात आपल्या किती विहिरींत पाणी सात मीटरच्या आत असते ते तुम्हीच सांगा. मग कोणाच्या तरी शेतातली मोटर चालू करायची, आणि शेतीची लाईन (वीज) पाळीने असते, त्या वेळी नसली तर काय. म्हणून आम्ही मॉडेलमध्ये प्रत्येक गावाजवळची पाण्याची जागा आणि तिचं वेळापत्रक टाकतो, लाईन कधी असते, नळयोजनेची टाकी कधी भरलेली असते, तलाव कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. हे टाकल्यावर एका तालुक्यात जे निघालं त्याने सगळेच गप्प झाले: घर किंवा गंजी वाचण्याचा प्रश्न गाडी ५ मिनिटं आधी पोचण्यापेक्षा दुसऱ्या टाकीचं पाणी किती वेळात मिळते यावर जास्त अवलंबून होता. तिथे नियम असा केला की वर्दी आली की गाडी निघतानाच सगळ्यात जवळच्या ग्रामपंचायतीच्या किंवा टंचाईसाठी लावलेल्या टँकरला पण फोन जाईल, गाडी पोचून पाणी संपायची वाट पाहायची नाही. खर्च जवळपास काही नाही, टँकरवाल्यांचे नंबर फक्त दर आठवड्याला तपासावे लागतात, कारण कंत्राट बदलते तसे नंबर बदलतात.

रस्त्यांचं सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशावरून रस्ते घेता येतात, ओएसआरएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर कुठून कुठे किती वेळ लागेल ते काढून देते, पण ते वेळ कारचे असतात. साडेचार टन पाणी घेतलेली गाडी पांदण रस्त्यावर कार सारखी जात नाही. जीपीएसच्या खऱ्या वेळांशी जुळवून प्रत्येक प्रकारच्या रस्त्याचा वेग बदलून घ्या. आणि यापेक्षा महत्त्वाचं, मॉडेल चालू करून गाडीचा ठिपका नकाशावर फिरताना चालकांना दाखवा. एका ठिकाणी मी मोठ्या विश्वासाने दाखवत होतो, तर निवृत्तीला आलेले एक चालक काका म्हणाले, "साहेब, हे गाडी इथून जातच नाही. त्या रपट्यावरून भरलेली गाडी आम्ही नेत नाही, रिकामी नेतो फक्त." मग म्हणाले की बुधवारी बाजार असते, त्या चौकातून दुपारी बाहेर पडायलाच दहा मिनिटं लागतात, आणि रेल्वे फाटक पडलं की वेगळीच गोष्ट. तिन्ही गोष्टी माझ्या मॉडेलमध्ये नव्हत्या. त्या टाकल्यावर तालुक्याच्या पूर्वेकडच्या नऊ गावांचा वेळ एकदम वाढला, आणि तीच नऊ गावं तहसीलच्या पंचनाम्यांत वर होती. काकांनी १५ मिनिटांत जे सांगितलं ते मला महिनाभरात सापडलं नव्हतं.

म्हणून भविष्याचं मॉडेल चालवायच्या आधी मागचं वर्ष चालवा. मागच्या वर्षीच्या खऱ्या वर्द्या, त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच गावातून, मॉडेलमध्ये घाला आणि पाहा की मॉडेलची गाडी खऱ्या गाडीइतक्याच वेळात पोचते का. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, कोणता टप्पा जुळत नाही ते शोधा. हे न करता जो कोणी तुम्हाला रंगीत नकाशे दाखवेल त्याला नम्रपणे परत पाठवा.

अँब्युलन्सचं थोडक्यात, कारण भाऊंनी विचारलं नाही पण खेड्यात दोन्ही गोष्टी सोबतच येतात. १०८ ची सेवा आपल्याकडे २०१४ पासून आहे, ११२ चा एकच नंबर २०२१ पासून. अँब्युलन्सचं दुखणं वेगळं आहे, ती रुग्णाला घेऊन मोठ्या दवाखान्यात जाते, नागपूर-सेवाग्राम-यवतमाळकडे, आणि चार-पाच तास तिची जागा रिकामी राहते, म्हणजे इथे पण "मोकळी" हाच शब्द. तिथे एक नियम मॉडेलमध्ये तपासून पाहण्यासारखा आहे: साप चावलेल्या माणसाला गावातल्या गाडीने फाट्यापर्यंत आणायचं आणि अँब्युलन्सने फाट्यावर भेटायचं. दोन्हीकडून गाड्या चालतात म्हणून भेटीचा वेळ जवळपास निम्म्यावर येते. मानेला, मणक्याला मार असलेल्या माणसाला मात्र असं हलवायचं नाही, त्यामुळे फोनवरच्या माणसाला दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत. पावसाळ्यात वर्धा, पैनगंगा, वैनगंगेच्या काठची गावं नाल्यावरून पाणी गेलं की तुटतात, त्या दिवसांचा रस्त्यांचा वेगळा नकाशा ठेवा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, निकाल कशावर लावायचा. सरासरी वेळ पाहिला तर मॉडेल नेहमी म्हणेल गाडी जिथे वर्द्या जास्त तिथे ठेवा, म्हणजे शहरात. सरासरी सुंदर होते आणि टोकावरचं पोड होतं तिथेच राहते. न्यूयॉर्कच्या कामाची ही दुसरी बाजू आहे. १९७० च्या दशकात शहराकडे पैसे नव्हते, स्टेशनं बंद करायची होती, आणि कोणती बंद करायची ते ठरवताना गाडी पोचायच्या वेळेची मॉडेलं वापरली. शहरातल्या ब्राँक्ससारख्या भागातल्या गरीब, सतत आगी लागणाऱ्या वस्त्यांतली काही बंद झाली. त्यावर पुढे फार टीका झाली, की मॉडेलने पोचायचा वेळ मोजला पण तिथल्या गाड्या किती वेळ कामातच असतात आणि आग हाताबाहेर गेली तर वस्तीचं काय होते ते पुरेसं मोजलं नाही. मी ही गोष्ट प्रत्येक नगर परिषदेत सांगतो. म्हणून आमच्या तक्त्यात सरासरी सगळ्यात खाली असते. वर असते ते हे: १०० पैकी ९० वर्द्यांना किती मिनिटांच्या आत गाडी पोचते, "गाडी बाहेर आहे" असं किती वर्द्यांना सांगावं लागलं, आणि सगळ्यात वाईट दहा गावांचा वेळ, गावाच्या नावासकट. नावं लिहिली की सभेतली चर्चाच बदलते, कारण त्या दहापैकी एखाद्या गावचा माणूस समोर बसलेला असते.

तुलना करताना एक काळजी घ्या. आपण कपाशीच्या दोन वाणांची तुलना करायची तर एकाच शेतात, एकाच पावसात लावून पाहतो, एक वाण काळ्या जमिनीत आणि दुसरं बरडावर लावून नाही. तसंच इथे, "गाडी शहरात" आणि "गाडी टोकावर" या दोन्ही पर्यायांना त्याच वर्द्या द्या, तोच उन्हाळा, तेच फोन, त्याच क्रमाने. नाहीतर एकाच्या वाट्याला सोपा उन्हाळा येते, दुसऱ्याच्या वाट्याला कठीण, आणि तुम्ही गाडीच्या जागेला श्रेय देऊन बसता. आणि प्रत्येक पर्यायाचे कमीत कमी २०० उन्हाळे.

साधनं सगळी फुकट आहेत. पायथन ही प्रोग्रामची भाषा आणि त्यातलं सिम्युलेशनसाठीचं सिमपाय, नकाशासाठी क्यूजीआयएस, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे दोन मुलं-मुली प्रोजेक्ट म्हणून घेतील, फक्त त्यांना पहिले चार दिवस स्टेशनवर बसवा. गावाच्या नावांचा घोळ टाळायला प्रत्येक गावाला २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी कोड लावा, नावाने जुळवू नका. तेवढंही जमत नसेल तर तालुक्याचा मोठा नकाशा टेबलावर पसरवा, गाडीच्या जागी काडेपेटी ठेवा, मागच्या मे महिन्यातल्या वर्द्या चिठ्ठ्यांवर लिहा, आणि चालक, फोनवाला, दोन पोलीस पाटील यांना बसवून एकेक चिठ्ठी वाचत घड्याळ लिहीत चला. एका दुपारी बरंच काही दिसते.

तुमच्या दुसऱ्या गाडीबद्दल माझा अंदाज मागितला तर असा आहे. ती वर्षभर एकाच जागी ठेवायची असा हट्ट धरू नका. मॉडेलमध्ये चार पर्याय चालवा: दोन्ही शहरात, एक शहरात एक टोकावर वर्षभर, जून ते फेब्रुवारी शहरात आणि मार्च ते मे टोकावर, आणि चौथा, दुसरी शहरातच पण पहिली निघाली की दुसरीने मधल्या फाट्यावर जाऊन उभं राहायचं. चौथ्याला डिझेल आणि माणसं लागतात, ते पण हिशोबात धरा. टोकावरच्या गावात ठेवायची असेल तर तिथे रात्री चालक खरंच राहील का हा प्रश्न मॉडेलमध्ये शक्यता म्हणून घाला, दहापैकी सात रात्री असेल तर सात लिहा, दहा लिहू नका. मी पाहिलेल्या तीन ठिकाणी याच एका आकड्याने निकाल फिरला. सोबत पाचवा पर्याय पण चालवा, ज्यात नवी गाडीच नाही पण सीमेवरच्या गावांना शेजारच्या तालुक्याची किंवा एमआयडीसीची गाडी सरळ निघते, परवानगी नंतर, आणि गाडी आधी निघते, खात्री रस्त्यात असताना पोलीस पाटलाकडून होते. यात खोट्या वर्दीचे फेरे वाढतात, एका फेऱ्यात गाडी ४० मिनिटं अडकते, तो तोटा आणि वाचलेली मिनिटं दोन्ही मॉडेल समोर ठेवते, मग तुमच्या तालुक्यात काय परवडते ते ठरवा.

काम अडीच महिन्यांचं आहे, त्यातले दोन महिने नोंदी गोळा करण्यात जातात. दिवाळीनंतर सुरू केलं तर जानेवारीत निकाल हातात येते, फेब्रुवारीत शेजारच्या नगर परिषदेशी सीमेवरच्या गावांचा लेखी करार करायला वेळ मिळते, आणि मार्चमध्ये पहिला धुरा पेटायच्या आधी फोनजवळच्या भिंतीवर नवी यादी लागलेली असते, गावाचं नाव, कोड, सगळ्यात जवळची गाडी कोणाची, टँकर कोणाचा, भरलेली गाडी कोणत्या रस्त्याने जाते आणि कोणत्या नाही.